पोल्ट्रीतले उंदीर : विषाविना बंदोबस्त

भातकापणी सुरू झाली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक, विळ्याने बोट कापून घेतलेले आणि दुसरे, तापाने फणफणलेले, पोटऱ्या दाबत बाकावर बसलेले. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण आला की मी नाडी धरता धरताच विचारतो, "काम कुठे करता?" पूर्वी उत्तर ठरलेले असे, "शेतात." आता "पोल्ट्रीत" हे उत्तरही वरचेवर कानी येते. आपल्या रायगड जिल्ह्यात पेण, कर्जत, खालापूर, अलिबाग या बाजूला भातखाचरांना लागूनच ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेड उभ्या आहेत. शेतातले भात उचलले गेले म्हणून उंदीर उपाशी राहत नाहीत. ते बांध ओलांडून शेडमध्ये येतात.

"डॉक्टर, उंदीर मारणे हा तुमचा प्रांत कधीपासून झाला?" असे एका स्नेह्यांनी परवा हसत विचारले. प्रश्न रास्त आहे. पण उंदरांमुळे आजारी पडलेली माणसे आणि उंदरांसाठी आणलेल्या विषामुळे आजारी पडलेली माणसे, दोघेही शेवटी माझ्याच दारात येतात. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

लेप्टोचा ताप

उंदरापासून माणसाला होणाऱ्या आजारांत आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा आजार लेप्टोस्पायरोसिस. त्याला आता खेड्यातली माणसेही नुसते 'लेप्टो' म्हणतात. २००५ सालच्या २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली आणि हे नाव घरोघरी गेले. या आजाराचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात बिऱ्हाड करून राहतात. गंमत अशी, की उंदीर स्वतः ठणठणीत असतो. तो जाईल तिथे थेंब थेंब लघवी करत जातो आणि त्या लघवीतून जंतू बाहेर पडतात. कोरड्या, उन्हाने तापलेल्या जागेत ते टिकत नाहीत. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र ते कितीतरी दिवस, प्रसंगी काही आठवडे जिवंत राहतात. तिथे कोणी अनवाणी वावरला, की पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळ्यानाकाच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात.

आता पोल्ट्रीच्या शेडभोवतालची जागा डोळ्यांसमोर आणा. पाण्याच्या भांड्यांतून सांडलेले पाणी, पाईपच्या गळक्या जोडाखालचा चिखल, शेड धुतल्यावर साचलेली गटारे. आणि या सगळ्यातून अनवाणी फिरणारा कामगार. बऱ्याच ठिकाणी त्याचे बिऱ्हाडही शेडला लागून असलेल्या खोलीतच असते.

मागे असाच एक तिशीतला तरुण माझ्याकडे आला. चार दिवस ताप होता. कुठेतरी 'व्हायरल' म्हणून इंजेक्शन आणि गोळ्या घेऊन झाल्या होत्या. डोळे लाल, पण चिपडे नाहीत. पोटरीला हात लावू देईना. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे नीट पाहिले तर तिथे पिवळी झाकही दिसू लागली होती. लघवी कमी झाल्याचे त्याच्या बायकोने सांगितले. शेडमागचे तुंबलेले गटार त्याने दहा-बारा दिवसांपूर्वी हातांनी उपसले होते. त्याला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागले आणि बरा व्हायला तीन आठवडे लागले. तो वाचला. सगळे वाचतात असे नाही.

हा आजार जंतू शरीरात गेल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत डोके वर काढतो. अचानक थंडी वाजून ताप, डोकेदुखी, पाठ आणि पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे, उलट्या ही सुरुवातीची लक्षणे. पहिल्या तीन-चार दिवसांत योग्य औषध पोटात गेले तर बहुतेक रुग्ण घरच्या घरी बरे होतात. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत पहिले काही दिवस हा आजार सापडेलच असे नाही, म्हणून डॉक्टरला तुमच्या कामाची माहिती असणे फार मोलाचे असते. तेव्हा ताप घेऊन कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, तर त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा, "मी पोल्ट्रीत काम करतो, तिथे उंदीर आहेत." एवढे एक वाक्य दहा तपासण्यांचे काम करते. सतत चिखलपाण्यात उतरावे लागणाऱ्यांना पावसाळ्यात आठवड्यातून एकदा घ्यायची प्रतिबंधक गोळी डॉक्टर देतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती चालत नाही, म्हणून दुकानातून मनाने आणून घेऊ नये.

बाकीचे आजार थोडक्यात सांगतो. उंदरांच्या लेंड्या खाद्यात पडल्या की साल्मोनेला जातीचे जंतू कोंबड्यांत आणि तिथून अंड्यांत व मांसात पोहोचतात. अंडे-मटण नीट शिजवले नाही तर आपल्याला जुलाब-उलट्या होतात. उंदरांच्या अंगावरच्या आणि गवतातल्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस होतो. २०१८ साली विदर्भात त्याने बरेच रुग्ण पडले होते. आणि जिथे उंदीर तिथे साप. रात्री खाद्य टाकायला गेलेल्या माणसाला गोण्यांमागे घोणस चावली, तर ती कोंबड्यांसाठी आलेली नसते. ती उंदरांच्या मागावर आलेली असते.

विषाची पुडी

एवढे ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग आणा बाजारातून पुडी आणि टाका. मी अगदी याच्याच विरुद्ध आहे. त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण माणसांचे. उंदरांची बहुतेक विषे पीठ, गूळ, तेल घालून चविष्ट केलेली असतात, किंवा रंगीत वड्यांच्या रूपात मिळतात. रांगत्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या मुलाला उंदराचा घास आणि खाऊ यांतला फरक कसा कळणार? शेडच्या कडेला ठेवलेली हिरवी वडी चघळणारी तीन वर्षांची मुलगी आईने पळत पळत माझ्याकडे आणली होती. आईने वेष्टनाचा तुकडा बरोबर आणला, हे तिचे शहाणपण. ते विष रक्त गोठू न देणारे होते आणि त्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा असतो, म्हणून मुलगी सुखरूप राहिली. काळपट पूड किंवा पेस्टच्या रूपात मिळणाऱ्या काही विषांवर उतारा नाही. त्यांतल्या एकाचा तर दगा असा, की एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होते. दुसरे असे, की घराघरांत भांडणे होतात, तरुण मुले रागावतात, मनावर काळोख येतो. अशा घटकेला हाताशी विष नसणे म्हणजे एक जीव वाचणे. हे मी अनुभवाने सांगतो. ज्या घरात कोणी खूप उदास आहे, त्या घरात तर ही पुडी आणूच नये, आणि त्या माणसाशी बोलावे, त्याला डॉक्टरकडे आणावे.

कोणाच्याही पोटात चुकून विष गेल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका. दूध, तूप, तेल, मिठाचे पाणी यांपैकी काही पाजू नका. घशात बोटे घालून उलटी काढू नका. वेष्टन बरोबर घ्या आणि तडक मोठे रुग्णालय गाठा.

दुसरे कारण कोंबड्यांचे. कोंबडी शाकाहारी नाही. मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर शेडमध्ये पडला तर ती त्याला टोचते. उंदीर विषाचे कण पायांनी आणि तोंडाने खाद्याच्या भांड्यापर्यंत ओढत नेतो, ते वेगळेच. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही मरते. म्हणजे फुकटचे राखणदार आपणच मारायचे.

तिसरे कारण उंदरांचे. उंदीर मोठा संशयी प्राणी. नवीन पदार्थ तो आधी कुरतडून पाहतो. लगेच परिणाम करणाऱ्या विषाने थोडे पोट दुखले आणि जीव वाचला, की तो त्या घासाला पुढे कित्येक आठवडे तोंड लावत नाही. आणि समजा शंभरातले सत्तर मेले, तरी उरलेल्या तिसांना खाद्य, पाणी, निवारा पूर्वीपेक्षा मुबलक मिळतो. मादीला अवघ्या तीन आठवड्यांत पिल्ले होतात, एका वेतात सहा ते दहा. त्या पिल्लांना दोन-तीन महिन्यांत स्वतःची पिल्ले होऊ लागतात. सुगीनंतर टाकलेल्या विषाची जमा शिमग्यापर्यंत साफ पुसली जाते.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९९४ साली ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आढळला, तेव्हा अनेकांना वाटले की उंदीर सरसकट मारून टाकावेत. प्लेगच्या बाबतीत ते उलटे पडते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर. विष न घालताही उंदीर पटापट मरून पडू लागले, तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, हा नियम आजही आहे तसाच आहे.

उंदीर येतो कशाला?

खाद्य, पाणी, निवारा. या तिन्हींपैकी पोल्ट्रीत काय कमी आहे? एक उंदीर रोज साधारण २५ ग्रॅम खाद्य खातो. वर्षाला नऊ किलो होतात. शंभर उंदीर असले तर नऊशे किलो, म्हणजे पन्नास किलोच्या अठरा गोण्या. लेंड्या आणि लघवीने नासवलेले खाद्य यात धरलेले नाही. ज्यांना कंपनी पिल्ले आणि खाद्य देते आणि किती खाद्यात किती वजन बसले यावर मोबदला ठरवते, त्यांनी हा हिशेब वहीत मांडून पाहावा. उंदराने खाल्लेले खाद्य कोंबडीच्या नावावर चढते आणि पैसे मालकाचे कापले जातात. पहिल्या आठवड्यातली पिल्ले घुशी ओढून नेतात आणि विजेच्या वायरी कुरतडल्याने शॉर्ट सर्किट होते, तो तोटा आणखी निराळा.

आपल्या शेडमध्ये मुख्यतः तीन मंडळी असतात. घरउंदीर चढण्यात पटाईत. तो छताच्या वाशांवर, गुंडाळलेल्या पडद्यांत राहतो. घूस आणि तिची बांधात राहणारी धाकटी भावंडे जमीन पोखरतात. लहान उंदीर गोण्यांच्या थप्पीतच संसार करतो. चिचुंद्री उंदरांत मोडत नाही. तिचा भर किड्यांवर असतो, खाद्याच्या नासाडीचा आळ तिच्यावर घेऊ नये.

किती उंदीर आहेत हे मोजायची सोपी रीत अशी. संध्याकाळी शेडभोवतीची सगळी बिळे मातीने बुजवा. सकाळी जितकी पुन्हा उकरलेली दिसतील तितकी नांदती. आत भिंतीकडेला थोडी रांगोळी किंवा पीठ भुरभुरवून ठेवले तर सकाळी पावलांवरून त्यांच्या वाटा कळतात. दिवसाढवळ्या उंदीर फिरताना दिसू लागले तर समजावे की संख्या फार झाली आहे. रात्रीच्या पंगतीत जागा न मिळालेले ते दिवसा येत आहेत.

रात्रीची पंगत मोडा

सगळ्या उपायांत मी याला पहिला मान देतो. उंदीर मुख्यतः रात्री खातो. संध्याकाळी भांड्यांखाली सांडलेले खाद्य झाडून उचलले, भांडी काठोकाठ न भरता तिसरा हिस्सा रिकामी ठेवली आणि गोण्या उघड्या ठेवल्या नाहीत, तर त्याच्या ताटातले निम्मे जेवण गेलेच. उघडलेल्या गोणीतले खाद्य पत्र्याच्या झाकणबंद पिंपात ओता. प्लास्टिकचे पिंप घूस कुरतडते. बंद गोण्या जमिनीवर रचू नका. फूट-दीड फूट उंच फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचा, म्हणजे मागून माणूस झाडू घेऊन जाऊ शकेल. जिथे माणसाचा झाडू पोहोचतो तिथे उंदीर घर करत नाही.

मेलेल्या कोंबड्यांचा विषय थोडा अप्रिय आहे, पण टाळून चालणार नाही. रोज एक-दोन पक्षी मरतातच. ते बांधावर किंवा ओढ्यात फेकण्याची सवय काही ठिकाणी आहे. ही उंदीर, कुत्री आणि रोगराई यांना दिलेली आवतणाची अक्षत आहे. खोल खड्डा, वर चुना आणि माती, तोंडावर घट्ट झाकण. फुटकी अंडीही त्यातच.

पाण्याचे म्हणाल तर कोरडे खाद्य खाणाऱ्या मोठ्या उंदराला रोज पाणी लागतेच. गळके निपल आणि नळाचे जोड दुरुस्त करणे हा लेप्टो आणि उंदीर या दोघांवरचा एकच उपाय. गटाराला उतार द्या. आणि तिथे काम करणाऱ्याला गमबूट व रबरी हातमोजे घेऊन द्या. मालकवर्गाला एक विनंती, एका माणसाच्या तीन आठवड्यांच्या आजारपणापुढे गमबुटाची किंमत काहीच नाही.

निवाऱ्यासाठी शेडभोवतालचे आठ-दहा फूट मोकळे ठेवा. गवत, जुने पत्रे, फुटकी भांडी, पेंढ्याच्या उडव्या हे सगळे दूर. भिंतीला लागून दोन-तीन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल अशी जाड खडीची पट्टी घातली तर घुशीला बीळ टिकवता येत नाही. खडी ढासळत राहते. छतावर टेकलेल्या फांद्या छाटा. तुसाची गादी फार दिवस न हलवता ठेवली की तिच्या कोपऱ्यात उंदीर घरटे करतो, म्हणून कोपरे आठवड्याला खालीवर करावेत.

भोके बुजवणे

ज्या भोकात माणसाचे अंगठ्याजवळचे बोट जाते त्यातून लहान उंदीर जातो. पाव इंचाच्या वरची कोणतीही फट त्याला पुरते. मोठ्या उंदराला अर्धा इंच लागतो. आपण शेडला लावतो ती षटकोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन-तीन फुटांत तरी बारीक, जोडकाम केलेली तारेची जाळी हवी, अर्ध्या इंचापेक्षा लहान डोळ्यांची. ती जमिनीत फूटभर पुरून टोक बाहेरच्या बाजूला वळवावे, म्हणजे पोखरत आलेली घूस जाळीवर आपटते. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. भिंतीतल्या भोकात आधी भांडी घासायचा तारेचा चोथा कोंबा आणि मग सिमेंट; नुसते सिमेंट ओले असतानाच उंदीर उकरतो. खांबांना जमिनीपासून तीन फुटांवर पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळली तर घरउंदराचे चढणे थांबते.

एकदम सगळी शेड करणे परवडत नसेल, तर खाद्याची खोली आणि पिल्लांची जागा एवढे तरी आधी करा.

चाप आणि पिंजरे

सापळ्यांबद्दल लोकांची तक्रार असते, "दोन पिंजरे महिनाभर लावले, तीनच सापडले." दोन पिंजरे महिनाभर लावण्यापेक्षा वीस चाप तीन रात्री लावणे केव्हाही चांगले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस चापाला आमिष लावा, पण ताण देऊ नका. निर्धास्तपणे खायला लागले की एका रात्री सगळे चाप एकदम ताणा. आमिष कोणते? भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, भजे, आणि आपल्या भागात सर्वांत गुणकारी म्हणजे सुके बोंबील किंवा सुकट. शेडमध्ये सगळीकडे खाद्यच असल्याने खाद्याचेच आमिष लावू नये. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे, जिथे पावलांची वाट दिसली तिथेच ठेवा. कोंबडीचा पाय त्यात अडकू नये म्हणून दोन्ही टोकांना अडीच इंचाची भोके पाडलेल्या लाकडी खोक्याखाली तो झाका.

यासाठी सर्वोत्तम वेळ म्हणजे दोन बॅचमधले रिकामे दिवस. खाद्य उचलले गेलेले असते, उंदीर भुकेला असतो. मात्र शेड धुवायच्या आधीच चाप लावले पाहिजेत. आधी धुतली तर उंदीर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घरात मुक्कामाला जातात.

चिकट पुठ्ठ्यांची सध्या चलती आहे. मला ते पसंत नाहीत. उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडतो, भीतीने लघवी करत राहतो आणि तो सोडवताना माणसाचा हात त्यातच माखतो. पिंजऱ्यासकट उंदीर पाण्याच्या पिंपात बुडवण्याची पद्धतही बंद व्हावी. ते क्रूर तर आहेच, पण ते दूषित पाणी नंतर अंगणात ओतले जाते, हे डॉक्टर म्हणून मला जास्त खटकते. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. प्लास्टिकची पिशवी हातात उलटी घालून उचला, पिशवी सुलटी करून गाठ मारा आणि पुरा. लेंड्या कोरड्या झाडू नका. एक लिटर पाण्यात ब्लीचिंग पावडरचे दोन मोठे चमचे घालून ते शिंपडा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून घ्या.

शेडबाहेरच्या बांधातल्या घुशींसाठी आपल्याकडे जाणकार माणसे आहेतच. कातकरी बांधव सुगीनंतर बांधातली बिळे खणून उंदीर काढतात. कोणत्या तोंडाने आत गेला आणि कोणत्या तोंडाने बाहेर पडेल हे त्यांना मातीवरून कळते. त्यांना रीतसर मजुरी देऊन बोलवावे, आणि हातमोजे, गमबूटही द्यावेत. तमिळनाडूतील इरुला लोक मडक्यातून बिळात धूर फुंकून हेच काम करतात; पेंढा आणि तुसाने भरलेल्या शेडजवळ मात्र तो प्रयोग नको. मुंबई महापालिकेनेदेखील रात्री विजेरी आणि काठी घेऊन उंदीर मारणारी माणसे वर्षानुवर्षे नेमलेली आहेत, ती काही उगाच नाही.

मांजर लहान उंदीर धरते, घुशीच्या वाटेला सहसा जात नाही, आणि पिल्लांवरही तिचा डोळा असतो. तिला शेडबाहेरच ठेवावे. कुत्रा घूस धरतो, पण लेप्टो त्यालाही होतो, त्याची लस टोचून घ्यावी. माझे मत विचाराल तर सर्वांत चांगला नोकर म्हणजे गव्हाणी घुबड. पांढऱ्या, बदामी तोंडाचा हा पक्षी रात्रीत तीन-चार उंदीर सहज खातो, पिल्ले असतील तेव्हा त्याहून जास्त नेतो, आणि जाळीच्या आतल्या कोंबडीला त्याच्यापासून धोका नाही. घुबड अशुभ म्हणून दगड मारून हाकलणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, लक्ष्मीचे वाहन कोण? कानात यंत्राचा आवाज सोडून, कापूर-तुरटी ठेवून उंदीर पळवण्याच्या ज्या जाहिराती येतात, त्यांवर पैसे घालवू नयेत. उंदराला दोन दिवसांत सवय होते.

आता शेड नसलेल्या, परसात दहा-बारा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या आयाबहिणींसाठी. कण्या आणि भात टाकायचा तो सकाळी, कोंबड्या वीस-पंचवीस मिनिटांत संपवतील एवढाच. संध्याकाळी टाकून उरलेला तो उंदरांचाच. खुराडे जमिनीवर न ठेवता चार विटांवर किंवा दोन फुटी पायांवर उभे करा आणि तळाला बारीक जाळी मारा. अंडी तिन्हीसांजेच्या आत गोळा करा. पाण्याचे भांडे रात्री पालथे घाला. खुराडे साफ करताना पायात चप्पल नको, बूट हवेत. आणि लहान मूल कमरेवर घेऊन हे काम करू नका.